सर्व्हिस बुकातलं टेन्शन

त्या वर्षांत आमच्या यवतमाळ जिल्ह्यात एकच आजार होता आणि त्याचं नाव टेन्शन. डोकं दुखलं, टेन्शन. पाळी चुकली, टेन्शन. हातापायाला मुंग्या आल्या, टेन्शन. म्हशीनं दूध आटवलं तरी लोक आधी मालकाच्या तोंडाकडे पाहायचे. कापूस पडला होता, भाव पडला होता, माणसं जात होती, हे सगळं खरं होतं आणि ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पण जिल्ह्यावर एक मोठं दुःख आलं म्हणून प्रत्येकाचं प्रत्येक दुखणं त्याच पोत्यात कोंबायचं का? माझा राग इथून सुरू होतो, आणि इतक्या वर्षांनंतरही तो शिळा झालेला नाही.

मी जिल्हा परिषदेची शिक्षिका. घर वणीला, नवरा राजूरच्या कोळसा खाणीत, आणि शाळा झरी जामणी तालुक्यात, कोलाम आदिवासींच्या एका पोडावर. पोड म्हणजे जंगलाच्या कडेला वसलेली पंचवीस-तीस घरं. एसटीनं मुकुटबनच्या पुढे उतरायचं आणि तिथून पाऊण तास पायी. घरी मुलं कोलामी बोलायची. त्यांच्या कानावर मराठी पहिल्यांदा पडायची ती माझ्या तोंडून. मी त्यांच्याकडून पाण्याला, विस्तवाला, आजीला काय म्हणतात ते शिकून घ्यायची, आणि माझे उच्चार ऐकून ती पोट धरून हसायची. त्या हसण्यातून पहिलीचा वर्ग चालायचा. मला त्या वर्गापलीकडे फारसं काही नको होतं.

आधी आवाज बसला. वाटलं, पावसाळी सर्दी असेल. पावसाळा संपला, कापूस फुटला, वेचणी सरली, जिनिंगच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली आणि उठली, तरी आवाज तसाच. घोगरा, जाड, कुणा तंबाखूवाल्या म्हाताऱ्याचा असावा तसा. मग झोप. दहा तास झोपून उठायची आणि एसटीत बसल्याबरोबर पुन्हा डोळा लागायचा. कंडक्टरनं दोनदा माझ्या थांब्यावर हाका मारून उतरवलं, तिसऱ्यांदा तोही विसरला. वणीच्या मे महिन्यात कुत्रीसुद्धा नालीत जाऊन बसतात, आणि मी पंख्याखालून उठून चादर शोधायची. कंगव्यात केसांचे पुंजके. सकाळी आरशात तोंड सुजलेलं. सर्वांत वाईट म्हणजे मुलांची नावं आठवेनात. समोर पोरगी उभी आहे, तिच्या थोरल्या बहिणीला मी शिकवलं आहे, आणि तिचं नाव तोंडात येत नाही.

नवरा चांगला माणूस आहे, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्याच्यावरही मी चिडणार आहे. एक दिवस त्यानं विचारलं, "कायचा एवढा इचार करून राह्यली तू?"

"मी इचारच करून नाही राह्यली. मले झोप येऊन राह्यली."

"तेच तं. इचारानं झोप येते."

तेव्हापासून तो सकाळचं वर्तमानपत्र माझ्या आधी उचलायला लागला. कुणी जीव दिल्याची बातमी असली की ते पान काढून खाणीत घेऊन जायचा. मला वाटायचं, पेपरच हल्ली पातळ झाला आहे. पुढे कळलं तेव्हा मला रडूही आलं आणि संतापही. इतक्या प्रेमानं चुकणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं? त्यापेक्षा त्यानं एकदा माझ्याकडे नीट पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

आम्ही डॉक्टरकडे गेलो. पहिल्या डॉक्टरनं माझी नाडी धरली आणि प्रश्न नवऱ्याला विचारले. "काय करतात ह्या?" मास्तरीण आहे. "कुठं?" झरीकडे. "हां," डॉक्टर म्हणाले. त्या "हां" मध्ये माझं निदान झालं. लांबचा प्रवास, मागास भाग, आजूबाजूला असलं सगळं वातावरण, टेन्शन येणारच. ताकदीच्या गोळ्या दिल्या. दुसरीकडे एका बाई डॉक्टरकडे गेले. बाई आहे, समजून घेईल, अशी माझी भाबडी आशा. त्यांनी मला काट्यावर उभं केलं आणि म्हणाल्या, "नोकरीवाल्या बायका खातात फार आणि हलत नाहीत." रोज जाऊन-येऊन दीड तास जंगलातून चालणाऱ्या बाईला हे ऐकवलं. मी म्हणाले, मॅडम, मी रोज चालते. त्या म्हणाल्या, मग टेन्शनमुळे वजन वाढत असेल.

तिसरे होते मनाच्या आजारांचे तज्ज्ञ. त्यांच्या दारात आधीच पन्नास माणसं बसली होती, आणि त्यांतल्या काहींना त्यांची खरोखरच गरज होती. त्यांच्याबद्दल मी वाकडा शब्द बोलणार नाही. पण त्यांनीही माझं ऐकलं ते लिहिता लिहिता. झोप कशी आहे? मी म्हणाले, फार येते. त्यांनी मान हलवली आणि झोपेची गोळी लिहिली. दहा तास झोपणाऱ्या बाईला झोपेची गोळी! आजारापेक्षा औषध भयंकर म्हणतात ते काय उगीच? आणि मी मुकाट्यानं ती घेतली, कारण तोवर मलाच वाटायला लागलं होतं की सगळे म्हणतात त्याअर्थी असेल. तीन डॉक्टर, तीन टेबलं, आणि तिघांपैकी एकानंही माझ्या गळ्याला हात लावला नाही.

त्या गोळीनं व्हायचं ते झालं. डिसेंबरात केंद्रप्रमुख अचानक शाळेवर आले. दोन शिक्षकी शाळा, दुसरे गुरुजी मीटिंगला गेलेले. मी खुर्चीत बसल्या बसल्या झोपलेली. वर्गात टाचणी पडली तर ऐकू येईल इतकी शांतता. मुलं आपापले पाढे लिहीत होती. केंद्रप्रमुख दारात आले तशी तिसरीतली एक मुलगी उठली, ओठांवर बोट ठेवून त्यांना म्हणाली, "हळू बोला, बाई झोपल्या." हे त्यांनीच मला नंतर हसत हसत सांगितलं. त्यांना त्यात गंमत वाटली. त्या लेकरांनी मला झाकून ठेवलं होतं, आणि मी त्यांना शिकवत नव्हते, ह्यात गंमत कुठे आहे ते मला अजून कळलेलं नाही.

ते माणूस म्हणून वाईट नव्हते. म्हणाले, "मॅडम, तुम्हाले आरामाची गरज हाये. तुमच्यावर कारवाई करत नाही मी. तुम्ही डॉक्टरचा कागद आणा, आपण तुम्हाले ऑफिसात बसवू." कागद आणला. त्यावर लिहिलं होतं, मानसिक तणाव. तेच दोन शब्द माझ्या सर्व्हिस बुकात उतरले. पुढच्या आठवड्यापासून मी पंचायत समितीच्या मागच्या खोलीत बसायला लागले, आणि पोडावर माझ्या जागी कुणीच गेलं नाही. गुरुजी एकटे चार वर्ग सांभाळत होते. वर्ग परत पाहिजे तर फिट असल्याचा दाखला आणा, असं मला सांगण्यात आलं. दाखला कुठून आणू? मी आजारी होते. फक्त जो आजार कागदावर होता, तो मला नव्हता.

आणि मला काम काय दिलं असेल? सर्व्हेचे फॉर्म गावनिहाय लावायचं. त्या काळात घराघरात कोण तणावाखाली आहे ते पाहायला सर्व्हे झाला होता. तो आम्हा शिक्षकांनीच केला होता. एक दिवसाचं प्रशिक्षण, चहा, पेढा, आणि हातात लक्षणांचा कागद: थकवा, झोप कमी किंवा जास्त, कामात लक्ष नाही, विसराळूपणा, बोलणं कमी. यांतली तीन दिसली की "तणाव" समोर "होय". आता मी त्या गठ्ठ्यांत बसून माझंच अक्षर पाहत होते. होय. होय. होय. एका फॉर्मवर मी थांबले. शेजारच्या गावची बाई. मला ती आठवली. तिच्या टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा होत्या. ती म्हणाली होती, "बाई, हातात सूप धरवत नाही, आपोआप गळून पडते." मी तिला एकही प्रश्न विचारला नव्हता. तिचा नवरा ओट्यावर बसून सांगत होता आणि मी लिहीत होते. चहा निवायच्या आत मी तिचं निदान केलं होतं.

त्या तीन डॉक्टरांना मी घरी बसून जे काही बोलत होते, ते सगळं मलाही लागू होतं. एका रविवारी त्या गावाला जाऊन आले. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, माणसं पलीकडे आंध्रात मिरची तोडायला गेली, केव्हा येतील सांगता येत नाही. ती बाई मला पुढे कधी भेटली नाही, आणि तिला नेमकं काय झालं होतं ते मला माहीत नाही.

माझा गळा शेवटी पाहिला तो वणीच्या बाजारातल्या चाचीनं. चाची बांगड्या भरायची आणि पोत गाठवून द्यायची. आमच्या बौद्ध घरात पोतीचं काही सोवळं-ओवळं नाही, लग्न विहारात पांढऱ्या साडीवर झालेलं, पण सासूनं हौसेनं काळ्या मण्यांची गळ्यालगतची एक पोत केली होती आणि मी ती घालायची. दोरा कुजतो म्हणून वर्षातून एकदा गाठवून घ्यावी लागते. चाचीची पद्धत अशी की ती माप विचारायची नाही. नवा दोरा गळ्याभोवती फिरवायची, खालून एक बोट घालायची, आणि तिथे गाठ मारायची. त्या दिवशी तिनं दोरा फिरवला, पुन्हा फिरवला, आणि माझ्याकडे पाहत बसली.

"बाई, पिछले साल चार मनी बढाये थे. उसके पहले बी दो. आज फिर कम पडरे."

मी म्हणाले, वजन वाढलं चाची, टेन्शन आहे.

तिनं माझा हात धरून चुरगळला, जशी ती बांगडी चढवायच्या आधी चुरगळायची. "टेन्शन गले में जाके बैठता क्या? चूडी तुमको वहीच लगती, दो-छे. हात नहीं बढा. अकेला गलाच कैसे बढा?" मग तिनं आपली दोन बोटं माझ्या गळ्यावर, कंठमण्याच्या खाली ठेवली आणि म्हणाली, "थूक निगलो." मी आवंढा गिळला. तिच्या बोटांखालून काहीतरी वर सरकलं आणि खाली आलं. ते मलाही जाणवलं. तिच्या नणंदेला असंच झालं होतं म्हणे. "डॉक्टर को बोलो पहले गला देखो. बाद में टेन्शन लिखो, जितना लिखने का."

मी बाजारात उभी राहून रडले. दुःखानं नाही, रागानं. तीन पदव्यांच्या पाट्यांखाली बसून मी वर्षभर सांगत होते, आणि माझा गळा वाढतो आहे हे ओळखायला मण्यांचा हिशोब ठेवणारी बाई लागली. ती शाळेत गेलेली नव्हती. तिनं फक्त हात लावून पाहिलं होतं.

यवतमाळला एका डॉक्टरकडे गेले तेव्हा नवऱ्याला मी बाहेरच्या बाकावर बसवलं. तो म्हणाला, "मी येतो ना आत, तुले सांगता येणार नाही." मी म्हणाले, "येईल." डॉक्टर वयस्क होते, कमी बोलणारे. मी खुर्चीत बसताच माझ्या गळ्याकडे पाहून म्हणाले, गळा दाखवायला आलात ना. ते माझ्या मागे उभे राहिले, बोटं ठेवली, पाण्याचा घोट प्यायला लावला. मग खुर्चीवर गुडघे टेकायला सांगितलं आणि टाचेच्या वरच्या शिरेवर छोट्या हातोडीनं ठोकलं. पाय हलला, पण परत जागेवर येताना रेंगाळला. "हे टेन्शनमध्ये होत नाही," ते म्हणाले. ते एक वाक्य ऐकायला मी किती पायऱ्या चढले होते! रक्त तपासायला दिलं, त्यातली एक तपासणी बाहेरगावी पाठवावी लागली. आठ दिवसांनी रिपोर्ट पुढे ठेवून त्यांनी समजावलं. गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते, ती सगळ्या शरीराचा वेग ठरवते. रोगाशी लढायची जी शक्ती आपल्या रक्तात असते, तीच माझ्या ग्रंथीवर उलटली होती. "कुंपणानंच शेत खाल्लं म्हणा," ते म्हणाले. ग्रंथी पूर्ववत होणार नाही, पण तिचं काम एक गोळी करेल. रोज सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, त्यानंतर तासभर चहा नाही. आयुष्यभर.

मी विचारलं, "हे आधी कळलं असतं का?"

ते रिपोर्ट घडी करत म्हणाले, "कधीही कळलं असतं." त्यांनी कुणाला दोष दिला नाही. तो मी देते. एवढीशी साधी रक्ताची तपासणी, आणि ती कुणाला सुचली नाही, कारण माझा तालुका ऐकल्यावर त्यांना सगळं कळलेलं होतं. आमची गरिबी, आमचा कापूस, आमचं नशीब यांच्याबद्दल सगळ्यांना इतकं काही ठाऊक होतं की आम्हाला शरीरही असतं हे लक्षातच राहिलं नाही.

बाहेर येऊन नवऱ्याला सांगितलं. तो बाकावरून उठला. मग म्हणाला, "म्हणजे मी उगाच पेपर फाडत होतो." तेव्हा मला पेपरचं कळलं. स्टँडवर आम्ही त्यावरून भांडलो आणि वणीची एक गाडी आमची चुकली.

गोळीनं चमत्कार झाला नाही. पहिला महिना मला काहीच फरक दिसला नाही, आणि चहाशिवाय तासभर काढणं ही वेगळीच शिक्षा. डॉक्टरांनी दोनदा मात्रा वाढवली. मग एका सकाळी एसटीत मी मुकुटबनपर्यंत जागी होते. चादर पेटीत गेली. मेच्या सुरुवातीला आवाज मोकळा झाला. फिट असल्याचा दाखला मिळाला, आणि जूनमध्ये मी पोडावर परत गेले. मुलांनी आधी लांबून पाहिलं. मी त्यांच्या भाषेत पाणी मागितलं, उच्चार चुकला, आणि ती हसली.

पण सर्व्हिस बुकातली ओळ तशीच होती. ती काढायला अर्ज घेऊन मी ऑफिसात गेले, सोबत रिपोर्टची प्रत. मुलांसमोर झोपलेली बाई मी होते, ते मी नाकारत नाही. पण कशामुळे झोपले ते खरं लिहा, एवढंच माझं म्हणणं होतं. टेबलावरच्या बाबूनं अर्ज वाचला, रिपोर्ट उलटा-सुलटा करून पाहिला.

"मॅडम, एकदा चढलेली नोंद निघत नाही. आन् बऱ्या झाल्या ना तुम्ही? एवढ्याशा ओळीचं टेन्शन कायले घेता?"

माझा तोल गेला. मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. ऑफिसातली चार माणसं उठून उभी राहिली. बाबू ऐकून घेत होता, मान खाली घालून. मी थांबले तेव्हा तो उठला, मला व्हरांड्यात घेऊन गेला आणि आवाज खाली करून म्हणाला, "मॅडम, तुमचं टेन्शन कोण्या गोळीनं गेलं, तेवढं नाव लिहून द्या. माझ्या घरच्या बाईलेबी तसंच हाये. दोन वर्ष झाले, नुसती झोपून रायते."

"आवाज कसा आहे त्यांचा?"

"बसेल हाये. डॉक्टर म्हणते, टेन्शन."

मी गोळीचं नाव लिहिलं नाही. तपासणीचं नाव लिहिलं, यवतमाळच्या डॉक्टरांचा पत्ता लिहिला, आणि म्हणाले, शनिवारी सकाळच्या गाडीनं आणा, मीही येते. तो म्हणाला, पाहतो. माझी ओळ त्यानं काढली नाही. ती आजही तिथेच आहे, निवृत्तीच्या कागदांबरोबर ती माझ्यामागे येईल.

शनिवारी तो आला नाही. स्टँडवर एक बाई एकटीच उभी होती, सुजलेल्या डोळ्यांची, डोक्यावरचा पदर घट्ट धरलेली. मी जवळ गेले. तिनं मला नाव-गाव काही विचारलं नाही. तिचं बोलणं ऐकायला मला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला.

"बाई," ती म्हणाली, "डॉक्टरले पहिले सांगजा, मले टेन्शन नाही."